रथकाराला कोण विचारतो?

धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्या रस्त्यांच्या कडेने गॅरेजांची वस्ती आहे : टायरवाले, कमानपाटेवाले, रेडिएटरवाले आणि सगळ्यांत जास्त आवाज करणारे डेंटिंगवाले. खंडेनवमीला हा आवाज थांबतो. हातोड्या पुसून पाटावर मांडल्या जातात. शेजारी डॉल्या, कातरी, पाने, गॅसची बत्ती. हळदकुंकू, झेंडू, नारळ. हत्यारांची पूजा झाली की गाड्यांची. त्यांतली एखादी अशी असते की तिला बॉनेट नाही, दारं उतरवलेली आहेत, मागचा सडका पत्रा कापून काढला आहे आणि नवा बसायचा आहे. तिलाही स्वस्तिक काढतात. जागा मिळेल तिथे, कधी उघड्या चासीवर.

ही पूजा नेमकी कशाची होते? सडलेला पत्रा भंगारात गेला. नवा पत्रा अजून कोपऱ्यात उभा आहे, तो गाडी झालेला नाही. इंजीन बाहेर ठोकळ्यावर आहे. तरी कुणालाही शंका येत नाही की कुंकू गाडीलाच लागलं. मग गाडी आहे कुठे?

या प्रश्नाला आपल्याकडे बावीसशे वर्षांचं वय आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद, नागसेन भिक्खूला भेटायला रथातून आला. नागसेनाने त्याला विचारलं : दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं, सांगाडा, जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? तेही नाही. या सगळ्यांना सोडून वेगळा काही रथ? तोही नाही. तेव्हा नागसेन म्हणाला की रथ हे या सगळ्यांच्या आधाराने चालणारं एक नाव आहे, आणि ‘नागसेन’ हेही तसंच एक नाव. डॉ. आंबेडकरांनी मराठवाड्यात महाविद्यालय काढलं तेव्हा त्याला मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन म्हटलं. चाळीसगावहून घाट चढून गेलं की ते ठिकाण फार लांब नाही.

खानदेशात याचं दुसरं उत्तरही वाढलं. अमळनेरला प्रताप शेठ या गिरणीमालकाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विसाव्या शतकातला थोर भारतीय तत्त्वचिंतक काही काळ तिथे संचालक होता. एका बाजूला कापडाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला दर्शनांचा अभ्यास, हा योग फार बोलका आहे, कारण न्याय-वैशेषिकांचं लाडकं उदाहरणच मुळी धागे आणि कापड हे आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे सगळा पदार्थ, हा अवयवांहून वेगळा आणि खरा असतो. धाग्यांचा ढीग म्हणजे कापड नव्हे. कापड धाग्यांतून जन्माला येतं. पण मग त्यांना एक कठीण गोष्ट मान्य करावी लागते. कापडातला एक धागा निघाला तर जुनं कापड नष्ट झालं आणि दुसरं, लहानसं ‘खंडपट’ जन्माला आलं. हा हिशोब गॅरेजला लावला तर मडगार्ड उतरवलं त्या क्षणी गिऱ्हाइकाची गाडी नाहीशी झाली आणि नवीन बसवलं तेव्हा तिसरीच उभी राहिली.

सरकारचं उत्तर याहून थोडक्यात आहे. गाडी म्हणजे चासी नंबर. इंजीन बदला, आरटीओत नोंद करा; रंग बदला, नोंद करा; पण धातूवर ठोकलेला सतरा अक्षरं-आकड्यांचा नंबर तोच राहिला पाहिजे. यामागे इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइससारखी कंपनी गिऱ्हाइकाला नुसती चासी आणि इंजीन विकत असे. बॉडी दुसरीकडे, कोचबिल्डरच्या कारखान्यात, हाताने बनवून घ्यायची. एकाच मापाच्या दोन चास्यांवर दोन वेगळी रूपं चढत. आपल्याकडेही एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत उघड्या चासीवर बसची बॉडी बांधली जात आली. येते ती चासी, आणि प्रवाशाला दिसते ती बॉडी.

नागसेन, नैयायिक आणि आरटीओ. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी भक्कम आहेत. पण तिन्हींत एक माणूस दिसत नाही. रथ ज्याने केला, तो.

कठोपनिषदातलं रूपक घ्या. आत्मा रथात बसलेला, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, विषय हे रस्ते. इतकं तपशिलाने रचलेलं चित्र, रस्त्यालाही त्यात जागा आहे. पण रथकाराला नाही. नागसेनाच्या यादीत जू आणि चाबूकसुद्धा येतात, सुतार येत नाही. नैयायिकांनी मात्र त्याला बोलावलं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घटाला कुंभार आणि पटाला विणकर, ही निमित्तकारणं ते मोजतात. उदयनाचार्यांनी तर त्यावरूनच ईश्वराचं अनुमान केलं : घडलेल्या वस्तूला कर्ता असतो, जगही घडलेलं आहे, म्हणून जगालाही कर्ता आहे. पण तिथे कुंभार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो, ईश्वराच्या बाजूने साक्ष देतो आणि बाहेर पडतो. मातीबद्दल त्याला काय कळलं आहे, हे त्याला कुणी विचारत नाही.

विचारलं तर तो काय सांगेल, हे कळायला पत्र्याचं काम जवळून पाहावं लागतं.

घराच्या अंगणात गाडीची बॉडी हाताने घडवायची तर सुरुवात सळ्यांच्या सांगाड्याने होते. गाडीच्या कडा जिथून जाणार तिथे सळई वाकवून टाके मारायचे, म्हणजे हवेत गाडीची रेघ उभी राहते. मग पुठ्ठ्याचे फर्मे कापायचे. मग पत्रा : आठ बाय चारचा, २० गेज, जाडी मिलिमीटरहून किंचित कमी. जळगावच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी या पत्र्याला हात लावता येत नाही. काम पहाटे आणि संध्याकाळी.

पत्रा एका दिशेने वाकवणं सोपं आहे, पाइपावर दाबला की वाकतो. पण मडगार्डला दोन्ही दिशांनी गोलाई लागते आणि तिथे खरी परीक्षा सुरू होते. सपाट कागद चेंडूवर सुरकुती न पडता बसत नाही. का बसत नाही, हे गणिती गाऊस याने १८२७ मध्ये सिद्ध केलं : नुसतं वाकवून, न ताणता न आवळता, सपाटाचं गोल होत नाही. गाऊसच्या पुष्कळ आधीपासून तांबट हे हाताने जाणत होते, नाहीतर हंडा आणि घागर झालीच नसती. पत्र्याशी दोनच मार्गांनी बोलता येतं. एकतर मधला भाग ठोकून पातळ करायचा, म्हणजे तो पसरतो आणि फुगतो. नाहीतर कडा आवळून जाड करायची, म्हणजे मधला भाग आपोआप उठतो. पहिल्यासाठी वाळूची पिशवी आणि लाकडी मोगरी. दुसऱ्यासाठी कडेला चुण्या घालून, त्या मिटेपर्यंत हळूहळू ठोकत राहणं.

ठोकता ठोकता पत्रा कडक होतो. धातूचे कण घोटले जातात आणि पुढचा घाव तो घेत नाही. हट्टाने मारला तर चिरतो. मग त्याला लाल तापवून सावकाश गार होऊ द्यायचं, की पुन्हा मऊ. अॅल्युमिनियम असेल तर ते लाल दिसत नाही, थेट वितळतं. म्हणून कारागीर त्यावर साबणाची रेघ ओढतो आणि रेघ काळपट झाली की बत्ती काढतो. जास्त ताणला गेला तर पत्र्याला पोट येतं : अंगठ्याने दाबलं की टक् करून आत, सोडलं की बाहेर. तिथे रुपयाएवढी जागा लाल करायची, चारी बाजूंनी आत ठोकायची आणि ओल्या फडक्याने झटकन गार करायची. पत्रा आवळतो, पोट जातं. एका जागी जास्त झालं तर चार बोटं पलीकडे दुसरं पोट येतं.

हे सगळं करताना त्याला सर्वांत अवघड जातं ते एकट्या तुकड्याचा विचार करणं, कारण तसा तुकडा नसतोच. दाराची गोलाई मडगार्डवर ठरते, मडगार्डची बॉनेटवर, बॉनेटची काचेखालच्या पट्टीवर. दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी यायला हवी. दोन मिलिमीटरचा फरक दहा पावलांवरून दिसतो. आठ बाय चारच्या पत्र्यातून जो तुकडा कापला तो मडगार्ड झाला, कारण गाडी होती. अंगणात नव्हती, पण सळ्यांत आणि फर्म्यांत होती.

नागसेनाला इथे एक प्रश्न विचारता येतो. आस, चाक, जू हे आधी आणि रथ नंतर, असा त्याच्या यादीचा क्रम आहे. रथापाशी पोचलेल्या राजाला तो बरोबर वाटतो. पण बनवणाऱ्याचा क्रम उलटा असतो. त्याच्याकडे आधी रथ असतो, अपुरा, चुकत-दुरुस्त होत असलेला, आणि त्या रथामुळे लाकूड चाक होतं. अवयव जोडून सगळं होतं हे खरं. पण सगळ्याच्या ओढीनेच अवयव होतात हेही तितकंच खरं, आणि हे दुसरं सत्य फक्त कामाच्या बाजूने दिसतं. यामुळे नागसेन चुकीचा ठरत नाही. ‘रथ’ हे नावच आहे, मात्र ते अजून चालू असलेल्या कामाचं नाव आहे, आणि काम चालू आहे तोवर कुंकू लावायला जागा सापडते. उघड्या चासीवरच्या स्वस्तिकाचा अर्थ प्रस्तुत लेखकाला असा लागतो.

वेदांना हा माणूस माहीत होता. ऋग्वेदातले ऋभू हे तीन भाऊ, सुधन्व्याचे मुलगे, जन्माने देव नव्हते. त्यांनी अश्विनीकुमारांसाठी रथ घडवला, त्वष्ट्याच्या एका चमसाचे, म्हणजे सोमपात्राचे, चार केले, आणि केवळ हातातल्या कौशल्यावर अमरत्व मिळवलं. यज्ञाच्या सोमात त्यांना वाटा मिळाला. पण पुढे मीमांसेत प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. पावसाळ्यात रथकाराने अग्न्याधान करावं, असं एक विधिवाक्य आहे. मग हा रथकार कोण? रथ करणारा कुणीही त्रैवर्णिक, की रथकार नावाची जात? मीमांसकांनी निर्णय दिला की शब्दाच्या फोडीपेक्षा रूढी बलवान, तेव्हा रथकार म्हणजे तीन वर्णांबाहेरची ती विशिष्ट जात. वचन आहे म्हणून तिला अग्नीचा अधिकार आहे, एवढंच. ज्या हातांनी ऋभूंना देव केलं त्या हातांना अग्नी पेटवायचा अधिकार आहे का, यावर शास्त्रार्थ करावा लागला. या देशात तत्त्वचिंतन आणि कारागिरी यांची घरं इतकी दूर का पडली, याचं उत्तर शोधणाऱ्याने हे अधिकरण वाचावं. रूपकात रथकार नाही, कारण पंगतीतही तो नव्हता.

महाराष्ट्रात अलीकडचे रथकार पाहायचे तर दोन गावं घ्यावी लागतात. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी सातवीपर्यंत शिकलेले. १९४९ मध्ये त्यांनी दोन माणसं बसतील अशी छोटी मोटार स्वतः बनवली आणि पुढची पाव शतकभर एकामागून एक नमुने करत राहिले. गाडीचं नाव मीरा. सामान्य माणसाला परवडावी म्हणून तिची किंमत त्यांनी बारा हजारांच्या आसपास धरली होती. ती कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. परवान्यांचा तो काळ. नाव मात्र पाहण्यासारखं आहे. देवाला घराबाहेर, राजवाड्याबाहेर शोधणाऱ्या बाईचं नाव एका मोटारीला.

दुसरं गाव सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून, पत्रा कापून-ठोकून छोटी जीप उभी केली. खर्च सुमारे साठ हजार, आणि चालू करायला दुचाकीसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती पाहिली, नियमांत ती बसणार नाही हेही सांगितलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती अदलाबदल झाली. व्यवहार म्हणून तो उदार होता आणि लोहार कुटुंबाचा त्यात फायदाच झाला. तरी विचार करणाऱ्याला तिथे थांबावंसं वाटतं. स्वतः केलेली गाडी आधी देववत नव्हती, ती लक्ष्मी वाटत होती. बाजाराच्या हिशोबात बोलेरो कितीतरी पट मोठी. मग देववत नव्हतं ते काय?

कायद्याचं म्हणणंही रास्त आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ मालकाला मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक कडक अर्थाने लावलं. रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव असतो. पण नोंदणीच्या तक्त्यात ‘उत्पादक’ या रकान्यात कंपनी बसते, अंगणातला माणूस बसत नाही. मीमांसकांचा जुना प्रश्न तिथे नव्या कागदावर उभा राहतो : अधिकार कुणाला?

देववत नव्हतं ते काय, याचं सर्वांत जवळचं उत्तर धुळ्यातच दिलं गेलं आहे. १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलले. ती अठरा प्रवचनं साने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणून ती आज आपल्याजवळ आहेत. गुरुजी त्याआधी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहिले होते आणि पुढे तिथल्याच शाळेत शिक्षक झाले होते. अमळनेरची वही धुळ्याच्या तुरुंगात कामी आली, असं म्हणता येईल. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबांनी ‘विकर्म’ या शब्दाला स्वतःचा अर्थ दिला. कर्म म्हणजे बाहेरची क्रिया. विकर्म म्हणजे तिच्यासोबत आत चाललेलं चित्ताचं विशेष काम. पिंडीवर नुसती पाण्याची धार धरली तर दगडावर पाणी पडलं. बाहेरच्या धारेबरोबर आतली धार चालू असली तर तो अभिषेक. कर्मात विकर्म मिसळलं की कर्माचं ओझं उरत नाही, ते अकर्म होतं.

पत्र्याच्या कामात ही मिसळण डोळ्यांनी दिसते. कारखान्यातला दाबयंत्राचा साचा एका दणक्यात मडगार्ड काढतो, आणि ते मडगार्ड हाताने केलेल्यापेक्षा अचूक असतं. याबद्दल वाद नको. पण हातोडीचा प्रत्येक घाव आधीच्या घावाला पत्र्याने काय उत्तर दिलं ते ऐकून पडतो. लक्ष उडालं की घाव वाकडा जातो आणि पत्रा ते लपवत नाही. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, रंग मारून ते झाकता येतं, आणि बाजारात बरेचदा तसंच होतं, कारण गिऱ्हाईक लांबीचे आणि वेळेचे पैसे मोजतो. जो माणूस लांबी न भरता पत्राच साफ करत बसतो त्याचं विकर्म त्याच्या बिलात दिसत नाही.

इथे सावध राहायला हवं. ‘चित्त ओतून काम कर’ हे वाक्य मालकाच्या तोंडी गेलं की मजुरी कमी द्यायचं साधन होतं. विनोबांच्या तोंडी ते शोभतं, कारण त्यांनी पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला सूतकताईच्या मजुरीवरच पोट भरण्याचा प्रयोग करून ती मजुरी किती तोकडी आहे हे स्वतःच्या शरीरावर मोजलं. कारागिराच्या कामाला उपासना म्हणायचं असेल तर त्याच्या दिवसाच्या रोजाकडेही त्याच आदराने पाहावं लागेल, आणि त्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात बोलावून बोलू द्यावं लागेल.

जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये हा उत्सव सुरू केला. लाकडाचा तो भव्य रथ जुन्या जळगावच्या अरुंद गल्ल्यांतून फिरतो. पुरीला जगन्नाथाचे तिन्ही रथ दरवर्षी नव्या लाकडाचे होतात आणि तरी नंदीघोष हा नंदीघोषच राहतो. जळगावचा रथ जपून, राखून पुढच्या वर्षी आणला जातो. दोन्ही ठिकाणी भाविकाला रथ तोच वाटतो. लोक रथातल्या मूर्तीला हात जोडतात, दोर ओढतात. चाकांजवळ मात्र काही माणसं सारखी वाकलेली असतात. त्यांच्या हातांत लाकडाच्या पाचरी असतात. रथ वळवायचा, थांबवायचा, उतारावर आवरायचा, तर फिरत्या चाकाखाली नेमक्या क्षणी पाचर सरकवावी लागते. क्षणभर चुकलं तर हात जाऊ शकतो. कठोपनिषदातल्या रथाला लगाम आहे. या रथाला ही माणसं आहेत. पाचरीला जळगावात मोगरी म्हणतात. डेंटर ज्या लाकडी हातोड्याने पत्रा फुगवतो, त्यालाही मोगरीच म्हणतात.

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. मिलिंद आणि नागसेन यांच्या संवादाच्या आसपासच्या काळात ती कोरली जात होती. तिथे सापडलेली दगडी यक्षाची एक मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची, दोन्ही हात वर करून डोक्यावर वाडगं तोलणारी. तिच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत लिहिलं आहे की ही कान्हदास सोनाराने केली. धातूचं काम करणारा माणूस दगडाकडे वळला आणि नाव कोरायला त्याने छाती किंवा पायथा घेतला नाही, हात घेतला.

गॅरेजमध्ये पत्रा साफ झाला का हे पाहायची वेळ येते तेव्हा डेंटर हातोडी खाली ठेवतो. उजेडात डोळा फसतो, म्हणून तो पत्र्यावर पातळ फडकं टाकतो आणि त्यावरून तळहात सपाट फिरवतो, एकदा लांबीने, एकदा आडवा. बहुतेक जण त्या वेळी डोळे मिटून घेतात.